मागचे पाटे काढायचे की ठेवायचे?

गाडी जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत. रंग झाला, सीटची कव्हरं नवी आली, टेपच्या जागी स्क्रीन बसली. एकच दुखणं उरलं आहे. स्पीडब्रेकर आला की मागं बसलेल्याचं डोकं छताला लागतं. मग प्रश्न येतो : मागचे पाटे काढून स्प्रिंगा घातल्या तर?

सांगवी, पिंपळे गुरव, कासारवाडी या पट्ट्यात हा प्रश्न अजिबात नवलाचा नाही. इथल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात गेलेलं असतं. जुनी सिएरा, सुमो किंवा जीप भंगारात न घालता जपणारे लोक इथं आहेत, आणि वेल्डिंगपासून लेथपर्यंत सगळं काम करून देणारी शेडही हाकेच्या अंतरावर असते. त्यामुळे उत्तरही चटकन मिळतं. एक म्हणतो, ‘करून टाकू, दोन दिवसांचं काम.’ दुसरा म्हणतो, ‘कशाला? पाट्यासारखं दुसरं काही नाही.’ पाटा तिथं नेमकं काय करतो, हे मात्र दोघंही सांगत नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करू.

१. पिकअपची लेक

टेल्कोनं (आजच्या टाटा मोटर्सनं) १९८८ साली टाटामोबाइल हा पिकअप बाजारात आणला. १९९१ साली त्याच सांगाड्यावर पिंपरीत सिएरा तयार झाली. दारं तीनच, मागच्या बाजूला मोठाल्या वळलेल्या काचा, आणि त्या उघडायची सोय नाही. मागं बसणाऱ्यानं पुढची सीट सरकवून आत शिरायचं. इंजिन साठेक हॉर्सपॉवरचं डिझेल. अमेरिकेतल्या अर्थानं, म्हणजे दांडग्या इंजिनाची, ही मसल कार नव्हेच. पण रस्त्यावरचा रुबाब असा होता की तीस वर्षांनंतरही माणसं मान वळवून पाहतात. १९९४ साली सुमो आली. तिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. पिंपरीचा कारखाना उभा करणाऱ्यांत ते अग्रणी होते, तेव्हा नाव अगदी योग्य घरी पडलं.

आपल्या कामाची गोष्ट सिएराच्या मागच्या चाकांची. पुढची दोन चाकं स्वतंत्र. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते. मागं मात्र दोन्ही चाकं एका सलग अ‍ॅक्सलनं जोडलेली, आणि तो अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंच्या पोलादी पाट्यांवर बांधलेला. मांडणी पिकअपला शोभणारीच, कारण पिकअपच्या मागं माल पडतो. सिएरात मालाच्या जागी माणसं बसली. ती बसली बरोबर मागच्या चाकांच्या जवळ, म्हणजे धक्का सगळ्यात आधी पोचतो तिथं.

२. कडकपणाचा साधा हिशेब

‘कडक’ आणि ‘मऊ’ हे शब्द गॅरेजात फार सैल वापरले जातात. ते मोजायची एक सोपी रीत आहे. गाडीच्या नुसत्या वजनानं स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली आहे ते पाहायचं. त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्यानं भागायचं. येणारा आकडा म्हणजे गाडी सेकंदाला साधारण किती वेळा वर-खाली झुलेल.

एक काल्पनिक पिकअप घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत, कुठल्याही खऱ्या गाडीचे नाहीत. मागच्या स्प्रिंगांवर बॉडीचं वजन येतं ६०० किलो, म्हणजे एका बाजूला ३००. पाटा असा की एक सेंटिमीटर दाबायला ७५ किलो लागतात. रिकाम्या गाडीत तो ४ सेंटिमीटर दबेल. ४ चं वर्गमूळ २, आणि ५ भागिले २ म्हणजे २.५. सेकंदाला अडीच हेलकावे. हे अंगाला बोचतं. मोटारीतल्या माणसाला सेकंदाला एक ते दीड हेलकावा सोसवतो, त्यापुढं दणके वाटायला लागतात.

आता याच पिकअपच्या मागं ७५० किलो कांदा चढवा. एका बाजूला ६७५ किलो आले, पाटा ९ सेंटिमीटर दबला. ५ भागिले ३ म्हणजे १.६७. गाडी एकदम सुधारली! टेम्पोवाले म्हणतात, ‘भरल्यावर गाडी छान चालते.’ त्यात काहीही गूढ नाही. पाटा त्या वजनासाठीच घडवलेला असतो.

दुसऱ्या टोकाला मऊ स्प्रिंग घेऊ. रिकाम्या गाडीतच ती १६ सेंटिमीटर दबते. हेलकावे १.२५, म्हणजे सुखाची सवारी. पण तिला सेंटिमीटरमागं १९ किलोही पुरतात. गणपतीला गावी निघाला आहात, मागं माणसं आणि सामान मिळून ३०० किलो वाढले, एका बाजूला १५० पडले. मऊ स्प्रिंग आणखी ८ सेंटिमीटर खाली बसेल. पहिला पाटा त्याच ओझ्याखाली फक्त २ सेंटिमीटर बसला असता. मऊ गाडीचा पार्श्वभाग रस्त्याला टेकतो, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि प्रत्येक खड्ड्यात मागचा रबरी ठोकळा आदळतो.

मागचा भाग ‘सुधारायचा’ म्हणजे या दोन टोकांच्या मध्ये कुठं उभं राहायचं हे ठरवायचं. गाडी बहुतेक वेळ दोघांना घेऊन सांगवी ते बाणेर फिरणार, की महिन्यातून दोनदा खच्चून भरून कोकणात उतरणार? याचं उत्तर गाडीच्या मालकाकडेच असतं. मेकॅनिकनं ते विचारायला हवं. बहुतेकदा विचारत नाही.

३. पाटा जास्त, पाटा कमी

गॅरेजातले दोन लोकप्रिय उपाय म्हणजे एक पाटा वाढवणं किंवा एक काढून टाकणं. पाच सारख्या पाट्यांच्या गठ्ठ्यात सहावा घातला की कडकपणा साधारण २० टक्के वाढतो. एक काढला की तितकाच घटतो. इथपर्यंत ठीक. पण पाचाचं ओझं चौघांवर आलं की प्रत्येक उरलेल्या पाट्यावरचा ताण २५ टक्क्यांनी वाढतो. सुरुवातीला गाडी मऊ लागते, मालक खूश होतो, आणि पुढं एखाद्या घाटात मेन पाटा तुटतो. मेन पाट्याच्या वळवलेल्या टोकांनीच अ‍ॅक्सल चासीला धरलेला असतो, तेव्हा तो तुटणं म्हणजे केवळ बसकण नव्हे. मागचं चाक जागा सोडतं.

जाडीचा खेळ याहून फसवा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिलिमीटरचे पाटे काढून ७ मिलिमीटरचे घातले तर फरक फक्त एका मिलिमीटरचा दिसतो. ६ चा घन २१६, ७ चा ३४३. कडकपणा जवळजवळ ५९ टक्के वाढला! दुकानदार ‘थोडे जाड आहेत, पण टिकतील’ म्हणाला तर जाडी आणि पाट्यांची संख्या मोजून हा हिशेब करून पाहावा. कागद-पेन पुरे.

४. एका पाट्याची पाच कामं

आता मुख्य गोष्ट. पाटा वजन तोलतो, हे दिसतं. पण तो अ‍ॅक्सलला पुढं-मागं सरकू देत नाही, हे दुसरं काम. डावी-उजवीकडे घसरू देत नाही, हे तिसरं. इंजिनानं चाक फिरवलं की उलट दिशेनं फिरू पाहणाऱ्या अ‍ॅक्सलला तो दाबून धरतो, हे चौथं. आणि पाटे एकमेकांवर घासून गाडीचा झोका थोडा जिरवतात, हे पाचवं. टपरीवरचा एकटा माणूस ऑर्डर घेतो, चहा उकळतो, ग्लास विसळतो, पैसे मोजतो आणि उधारीही लक्षात ठेवतो, तसंच हे. त्याच्या जागी फक्त चहा उत्तम करणारा माणूस आणला तर बाकीच्या कामांना चार माणसं वेगळी ठेवावी लागतील. गोल वळलेली कॉइल स्प्रिंग हा असा तज्ज्ञ आहे. ती वजन तोलते, त्यापलीकडे तिला काही ठाऊक नाही.

चौथ्या कामाकडे जरा थांबून पाहू, कारण अमेरिकेतल्या मसल कारचा सगळा मागचा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

धरून चालू की इंजिनाचा पीळ १२ किलोग्रॅम-मीटर आहे. पहिला गिअर तो चौपट करतो, डिफरन्शियल पुन्हा चौपट. चाकांशी पोचेपर्यंत तो १९२ झाला. चाकं पुढं फिरतात, आणि तेवढाच पीळ अ‍ॅक्सलच्या पोलादी कवचाला उलट फिरवू पाहतो. डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. दोन पाटे तो वाटून घेतात, प्रत्येकी ९६. म्हणजे अ‍ॅक्सलला एक मीटर लांबीचा दांडा लावून त्याच्या टोकाला ९६ किलोचा माणूस लटकवल्यासारखं. पाटा इतका पिळला की त्याला सापासारखं दुहेरी वळण येतं. पुढचा अर्धा भाग वर, मागचा खाली.

पाटा पुरेसा ताठ असेल तर तो तसाच धरून राहतो. मऊ असेल तर पिळत जातो, ताकद साठवत जातो आणि अखेर टायर रस्त्यावरून सुटतो. सुटताक्षणी पाटा झटक्यानं सरळ होतो, टायर पुन्हा पकड घेतो, पाटा पुन्हा पिळतो. सेकंदात हे अनेकदा घडतं आणि मागचा भाग थडथड उडायला लागतो. सिंहगडाच्या चढावर, सुट्या खडीत, पहिल्या गिअरमध्ये जोरानं क्लच सोडणाऱ्या जुन्या जीपखाली हीच थडथड ऐकू येते.

५. डेट्रॉइटनं यावर काय केलं

१९६४ साली फोर्डनं मुस्तांग आणली. मागं सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. स्वस्त, हलकी, साधी मांडणी. १९६७ सालच्या शेवरोले कमारोनं तर मागं प्रत्येक बाजूला एकच पाटा दिला. घासायला दुसरा पाटाच नाही, म्हणून सवारी गुळगुळीत. साध्या इंजिनाला हे शोभलं. पण त्याच गाडीत मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसलं आणि जोरात निघताना मागची चाकं उड्या मारू लागली. कंपनीनं लगेच, १९६७ मध्येच, जास्त ताकदीच्या गाड्यांना एका बाजूला आडकाठीसारखी एक दांडी लावून पाहिली.

१९६८ च्या कमारोत जो उपाय आला तो मला आजही फार हुशारीचा वाटतो. एक शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढं, दुसरा मागं. अ‍ॅक्सल पिळायला लागला की एक शॉकअप दाबला जातो, दुसरा ताणला जातो, दोघंही विरोध करतात. सोबत ताकदीच्या मॉडेलांना एकाऐवजी अनेक पाटे मिळाले. नवा भाग जवळजवळ काहीच नाही, फक्त जागा बदलली.

क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी अ‍ॅक्सल पाट्याच्या मधोमध न बांधता पुढच्या टोकाकडे सरकवला. पुढचा तुकडा आखूड म्हणून ताठ, तो पीळ धरतो. मागचा लांब म्हणून मऊ, तो खड्डे गिळतो. शर्यतीच्या पाट्यांत तर त्यांनी उजवी बाजू डावीपेक्षा कडक ठेवली, कारण प्रोपेलर शाफ्टचा पीळ अ‍ॅक्सलचं उजवं चाक उचलू पाहतो. दोन बाजूंचे पाटे वेगवेगळे! आपल्याकडच्या मेकॅनिकनं असं केलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

घरी बसून गाड्या जोपासणाऱ्या अमेरिकन पोरांचा उपाय त्याहून साधा होता. अ‍ॅक्सलच्या खाली पाट्याला समांतर एक लोखंडी दांडी बोल्टनं बांधायची, तिच्या पुढच्या टोकाला रबराचा गोळा. पाटा पिळायला लागला की गोळा पाट्याच्या पुढच्या टोकाशी टेकतो आणि पीळ तिथंच थांबतो. आपल्या जीपांखाली हा उपाय शेडमध्ये सहज होतो. चासी कापावी लागत नाही, नको असेल तर चार बोल्ट काढून ठेवता येतात.

अमेरिकेत सगळेच पाट्यांवर नव्हते. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ मागं कॉइल स्प्रिंगांवर उभी होती. मुस्तांगनं १९७९ साली पाटे सोडले, पण सलग अ‍ॅक्सल मात्र एखादं खास मॉडेल वगळता २०१५ ची पिढी येईपर्यंत टिकला.

६. स्प्रिंग घातली की हात लागतात

पाटे काढले. अ‍ॅक्सल आता मोकळा लटकतोय अशी कल्पना करा. तो सहा प्रकारे हलू शकतो. वर-खाली, पुढं-मागं, डावी-उजवीकडे. शिवाय तीन प्रकारे फिरतो : एक चाक वर आणि दुसरं खाली, एक चाक पुढं आणि दुसरं मागं, आणि डिफरन्शियलचं नाक वर-खाली. यातल्या दोनच हालचाली आपल्याला हव्यात : अख्खा अ‍ॅक्सल वर-खाली होणं आणि एका बाजूचं चाक खड्ड्यात जाणं. उरलेल्या चार बंद करायच्या.

प्रचलित मांडणीत चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत चार लांब दांड्या जातात, दोन खालून आणि दोन वरून. या पुढं-मागं सरकणं, तिरकं होणं आणि नाक उचलणं थांबवतात. पाचवी दांडी आडवी, एक टोक चासीच्या एका बाजूला, दुसरं अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या बाजूला. ती डावी-उजवी घसरण रोखते. पानहार्ड नावाच्या फ्रेंच मोटार कंपनीवरून तिला पानहार्ड रॉड म्हणतात. १९९८ साली आलेली टाटा सफारी सिएराच्याच घराण्यातली, पण तिच्या मागं पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आणि असे हात होते. थारचंही तसंच. २०१० ची थार मागं पाट्यांवर होती. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारमध्ये अ‍ॅक्सल सलगच राहिला, पण पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आणि हात आले. म्हणजे कारखान्यानंही ‘पाटे काढून स्प्रिंगा’ हेच केलं. फरक एवढाच की त्यांनी आधी चासी त्यासाठी नव्यानं आखली.

घरच्या प्रयोगात नेमकी तीच पायरी राहून जाते. पाटा आपलं ओझं चासीला दोन जागी देतो, पुढच्या कंसाशी आणि मागच्या शॅकलशी. त्या दोन जागा कारखान्यानं भक्कम केलेल्या असतात. कॉइल स्प्रिंग सगळं ओझं अ‍ॅक्सलच्या बरोब्बर वर, एकाच जागी देते. तिथं जुन्या चासीला रबरी ठोकळा आदळण्यापुरतीच तयारी असते. त्या जागी पातळ पत्रा वेल्ड करून वाटी बसवली की दोन पावसाळ्यांत तडा जायला फार निमित्त लागत नाही.

पानहार्ड रॉडचा हिशेबही पाहून घ्यावा, कारण तो सहसा ‘जिथं जागा मिळाली तिथं’ बसवला जातो. दांडीचं एक टोक चासीवर टांगलेलं आहे, तेव्हा दुसरं टोक वर्तुळाच्या चापात फिरतं. दांडी ९० सेंटिमीटर लांब आणि आडवी असेल, आणि चाक ८ सेंटिमीटर वर आलं, तर अ‍ॅक्सल बाजूला सरकतो साधारण साडेतीन मिलिमीटर. दांडी अर्धीच, ४५ सेंटिमीटरची, असेल तर सरकतो सात. रिकाम्या गाडीतच ती तिरपी बसवली असेल तर याहून कितीतरी जास्त. मग प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागचा भाग डुलतो आणि मालक टायरवाल्याला दोष देतो.

आणखी एक बारकावा. चार लांब दांड्यांतली एक हिशेबापेक्षा जास्त असते. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की दांड्या एकमेकींशी भांडतात, आणि ते भांडण टोकांच्या रबरी बुशांनी गिळायचं असतं. तिथं रबर काढून रंगीत, टणक बुश घालायची फॅशन आहे. सलग अ‍ॅक्सल आणि पाच हातांच्या गाडीत ती मला पटत नाही. रबर मऊ आहे ते तिथं कामासाठी मऊ आहे.

७. मग सुरुवात कुठून?

सगळ्यात स्वस्त जागेपासून. जुन्या गाडीची बहुतेक रड पाट्यांची नसतेच.

आधी शॉकअप. गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, पुन्हा पुन्हा झुलला तर शॉकअप संपला आहे. देशातल्या शॉकअप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, गॅब्रिएल, चाकणजवळच्या कुरुळीतच आहे, तेव्हा या भागात शॉकअप मिळत नाही ही सबब चालणार नाही. बदलताना कोन मात्र सांभाळा. शॉकअप उभा असेल तर तो पूर्ण काम करतो. ३० अंश कलला की परिणाम तीन चतुर्थांश उरतो आणि ४५ अंशांवर निम्मा. चासी उंच करून शॉकअप आडवे पाडणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मग बुश आणि शॅकल. पाटा दबला की सरळ होतो, आणि सरळ झाला की लांब. ती वाढलेली लांबी मागच्या शॅकलनं झुलून द्यायची असते. शॅकलची पिन गंजून घट्ट झाली असेल तर पाट्याला लांब व्हायला जागाच नाही. मग नवेकोरे पाटेही दगडासारखे लागतात. मेन पाट्यातले बुश चिरडले असतील तर प्रत्येक ब्रेकला मागून ‘टक’ असा आवाज येतो.

त्यानंतर पाटे सोडवून गंज काढणं, दोन पाट्यांच्या टोकांशी प्लास्टिकची पट्टी घालणं, आणि बसलेल्या पाट्यांना कमान पुन्हा देणं. हे शेवटचं काम दोन प्रकारे होतं. थंडच ठोकून दिलेली कमान फार टिकत नाही. भट्टीत तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा ठरावीक तापमानाला नरमवून दिलेली टिकते. ज्या ठिकाणी भट्टी दिसत नाही तिथं कमान देऊ नये.

यानंतरही हौस उरली तर पॅराबोलिक पाटे पाहावेत. साधा पाटा टोकापर्यंत सारख्याच जाडीचा असतो. पण वाकवणारा जोर मध्यभागी सगळ्यात जास्त आणि टोकाशी शून्य असतो. मग टोकाला तितकं लोखंड हवंच कशाला? पॅराबोलिक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जातो, म्हणजे सगळीकडे ताण सारखा. पाच-सहाऐवजी दोन-तीन पाटे पुरतात, ते फक्त मध्ये आणि टोकाशी टेकतात, घासणं कमी होतं. वजन घटतं आणि बारीक खड्डे आत पोचत नाहीत. एक किंमत द्यावी लागते. घासून झोका जिरणं गेलं म्हणजे शॉकअप चांगलाच हवा. माझ्या मते जुन्या सिएराला किंवा जीपला हीच सुधारणा सगळ्यात शोभते. चासीला हात लागत नाही आणि पाट्याची पहिली चार कामं जागच्या जागी राहतात.

८. चासी कापण्याआधी

तरीही कॉइल स्प्रिंगाच हव्या असतील तर तीन गोष्टी.

पहिली प्रोपेलर शाफ्टची. गाडी उंच झाली किंवा डिफरन्शियलचं नाक फिरलं की शाफ्टच्या दोन टोकांचे कोन बदलतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच युनिव्हर्सल जॉइंट एकमेकांची थरथर मारतात. नाही तर साठ-सत्तरच्या वेगात खालून गुणगुण सुरू होते आणि जॉइंटमधला क्रॉस लवकर जातो.

दुसरी ब्रेकची. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक झडपेचा दांडा असतो. मागचा भाग किती दबला आहे यावरून तो मागच्या ब्रेकना किती जोर द्यायचा ते ठरवतो. गाडी उंच केली की त्याला वाटतं, गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. मागच्या ब्रेकची रबरी नळी आणि हँडब्रेकची केबल पूर्ण लटकलेल्या अ‍ॅक्सललाही पुरते का, तेही पाहायचं.

तिसरी कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मापाचे, त्याच जागी बसणारे पाटे आणि शॉकअप हा देखभालीचा भाग. चासी कापून दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल बसवणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्यासाठी आधी एमएच १४ च्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारावं. पन्नाशीकडे झुकलेली जीप किंवा फियाट असेल तर आणखी सावध. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास मालिका मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. एका वेल्डिंगच्या पट्टीसाठी तो हक्क घालवणं मला तरी महागाचं वाटतं.

काम कुठलंही करून घेतलं तरी काही गोष्टी मालकानं स्वतः उभं राहून करून घ्याव्यात. चासी घोड्यांवर टेकवल्याशिवाय कुणी खाली शिरू नये, नुसत्या जॅकवर तर नाहीच. पाट्यांना अ‍ॅक्सलशी आवळणारे जुने यू बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन पाट्यांवर असताना कसावेत. लटकत्या पाट्यावर कसले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा कसावेत.

आणि पहिली फेरी मारताना घरासमोरच्या गल्लीतला स्पीडब्रेकर, मग सांगवी फाटा ते किवळे हा मोकळा रस्ता, मग नाशिक फाट्याचा चढ, असं क्रमानं जावं. परतल्यावर एक टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. आकडे जुळत नसतील, तर पाट्याचा सेंटर बोल्ट अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलेला नाही, आणि गाडी त्याच दिवशी परत शेडमध्ये न्यायला हवी.